डोळ्यांतला ठिपका

नाईलच्या मुखाशी, आमच्या इज्बत अल-बुर्जमध्ये कुणी गेलं की दारापुढे खुर्च्या मांडतात, कुराणाची टेप लावतात, आणि मग घरातलं कुणीतरी माझ्या स्टुडिओच्या पायऱ्या चढतं. हातात बहुधा ओळखपत्रावरचा फोटो असतो. सरकारी फोटोत आमची माणसं कोंबडी चोरताना पकडल्यासारखी दिसतात, त्यामुळे माझं काम वाढतं. मी कॉलरवरचा शिक्का पुसते, केस बसवते, गाल जरा भरते आणि भिंतीला शोभेल एवढा मोठा फोटो करून देते. चौकटीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर काळी साटीनची फीत तिरकी बांधायची, ते काम मात्र घरच्यांचं. मी फीत बांधत नाही. माझ्या वडिलांनीही कधी बांधली नाही.

त्या फितीची करामत मी लहानपणापासून बघत आलेय. मासळीबाजारातल्या एका दलालाचा फोटो मी त्याच्या मुलीच्या साखरपुड्याला काढला होता आणि बाहेर काचेच्या कपाटात लावला होता. येणारेजाणारे म्हणायचे, काय खुशीत आहे बघा. पुढच्या वर्षी तो गेला, त्याच फोटोला फीत लागली, आणि तीच माणसं दुखवट्याची कॉफी पिता पिता म्हणाली, बघा, डोळ्यांत तेव्हाच दिसत होतं. फोटोत केसाइतकाही फरक नव्हता. तेव्हापासून माझं मत ठाम आहे. फोटो काही बोलत नाही. बघणारा बोलतो आणि ते फोटोच्या तोंडी घालतो.

हे कळलं की फोटोच्या धंद्यातलं निम्मं काम सोपं होतं. ओठाचा कोपरा ब्रशच्या टोकानं जरा वर नेला की उर्मट माणूस सालस होतो. भुवईखाली सावली दिली की मूर्ख माणूस विचारी दिसतो. अशानं आमच्या वस्तीत पुष्कळ लग्नं जुळली आहेत. पण वडिलांनी मला सगळ्यांत आधी शिकवला तो डोळ्यांतला ठिपका. स्टुडिओच्या डाव्या भिंतीला नदीकडे उघडणारी मोठी खिडकी आहे. समोर बसलेल्याच्या दोन्ही बुबुळांत तिचा उजेड डाव्या बाजूला पांढरा ठिपका होऊन बसतो. भिंगातून पाहिलं तर तो चौकोनी असतो, मधला गजसुद्धा दिसतो. तो आहे तोवर फोटोतला माणूस तुमच्याकडे बघतो. शाईनं तो बुजवला की माणूस बघायचा थांबतो. खाटकाच्या दुकानातल्या बकऱ्याच्या डोक्याला डोळे असतात, तसे नुसते डोळे उरतात.

वदीदाखाला माझ्याकडे आली ती वसंतातल्या एका सकाळी. बाहेर खमासीनचा वारा सुटला होता आणि तिच्या काळ्या ओढणीवर रेती बसली होती. ती नेहमी काळ्यातच असे, पण गेलेल्या नवऱ्यासाठी. मुलासाठी नाही, हे ती ज्याला त्याला बजावून सांगे. तिचा मुलगा जाबर मोठ्या बोटीवर मासेमारीला जायचा. लग्नानंतरच्या दुसऱ्याच हिवाळ्यात त्याची बोट माल्टाच्या बाजूला गेली आणि वादळात नाहीशी झाली. फळकूट सापडलं नाही, दोरी सापडली नाही. बोटीवरच्या बाकी सगळ्यांच्या घरी वर्षाच्या आत फोटो लागले, फिती लागल्या, बिनसाखरेची कॉफी झाली. वदीदाखालानं पुढच्या खोलीत खिळा ठोकून घेतला आणि त्यावर कॅलेंडर लावलं. असं करत चार वर्षं गेली.

त्यात खरी कोंडी झाली ती सुनेची, बुसैनाची. पोरगी धड पंचविशीची नव्हती. सासूजवळच राहायची आणि जवळच्या दुमयात शहरातल्या फर्निचरवाल्यांसाठी गाद्यांच्या खोळी शिवायची. खोळींचं कापड आणून देणारा हिल्मी नावाचा गादीवाला होता, विधुर, सरळ माणूस. त्याला ती आवडत होती आणि तिलाही तो आवडत होता, हे तो कापड मोजायला किती वेळ लावतो यावरून सगळ्या गल्लीला कळलं होतं. कोर्टाचा कागदसुद्धा आला होता: जाबर मृत समजावा. पण आमच्याकडे कागद पेटीत राहतो आणि फोटो भिंतीवर. ज्या भिंतीवर फीत नाही त्या घरी मागणी घालायला हिल्मीची आई पाऊल टाकायला तयार नव्हती. उद्या जाबर दारात उभा राहिला तर दुसऱ्याची बायको पळवली म्हणून तोंडाला काळं कोण फासून घेईल, असं ती म्हणे. तिचंही चूक नव्हतं.

वदीदाखाला खुर्चीवर टेकली आणि म्हणाली, "रावया, जाबरचा मोठा फोटो कर. एकट्याचा."

मी विचारलं, फितीसाठी का?

"ते मी बघून ठरवीन. कोर्ट म्हणतं गेला, शेख म्हणतो गेला. त्यांच्यातल्या कुणी त्याला दूध पाजलं होतं? त्याचा चेहरा मोठा करून माझ्यापुढे ठेव. गेला असेल तर तो मला सांगेल. मग फीत मी माझ्या हातानं बांधीन आणि त्या पोरीला माझ्या हातानं वाटेला लावीन. नाही म्हणाला तर कुणी परत विषय काढायचा नाही."

"खाला, फोटो लग्नातला आहे," मी म्हटलं. "तेव्हा तो जिवंत होता. जिवंतच दिसणार ना?"

"तू उस्ता आहेस, कारागीर; फोटो करायचं तुझं काम. वाचायचं माझं."

ती गेल्यावर मी निगेटिव्ह शोधून काढली. जाबरचा दुसरा फोटोच नव्हता. खलाशाच्या परवान्यावरचा होता तो त्याच्याबरोबर गेला. याच स्टुडिओत काढलेल्या लग्नाच्या फोटोत तो नव्या सुटात उभा होता, जरासा बुसैनाकडे झुकलेला, आणि तिचा मेंदीचा हात त्याच्या बाहीवर होता. फितीखाली जिवंत माणूस चालत नाही, म्हणून तिला कापून टाकणं भाग होतं.

दुपारी बुसैना स्वतः आली. शिवलेल्या खोळींचं गाठोडं तिनं दारात ठेवलं आणि बराच वेळ कपाटातल्या नवऱ्यानवरींकडे बघत उभी राहिली. मी तिला चिडवायला म्हटलं की हिल्मी आज गजानं कापड मोजणार की बोटानं? ती हसली नाही.

"ती सांगून गेली ना तुला?" तिनं विचारलं. "मग तू त्याला गेलेला कर."

मी तिच्यापुढे खुर्ची सरकवली.

"मी पळून जाऊ शकते. कागद माझ्याकडे आहे. पण मग संध्याकाळी तिच्या डोळ्यांत थेंब कोण घालतंय हे मला हिल्मीच्या घरी बसून आठवत राहील. तिनं हो म्हणायला पाहिजे, उस्ता. आणि मला जाबर नको झाला असंही नाही. तो गेला म्हणून मी अजून नीट रडलेसुद्धा नाही, रडायला लागले की ती तोंडावर हात ठेवते. मी सधवा नाही, विधवा नाही. बाजारात बायका मला काय म्हणून हाक मारायची तेच विसरल्यात."

मला तिची फार कणव आली. मी हो म्हटलं. म्हातारीच्या डोळ्यांत धूळ फेकायची होती हे खरं, पण चार वर्षं तिनं स्वतःच फेकून घेतली होती, त्यात माझी चिमूटभर. त्यात मला काही गैर वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

काम सरळ होतं. मी चेहरा आणि छाती एवढाच भाग मोठा केला. बाहीवरची मेंदीची बोटं रंगवून झाकली, तिथं सुटाचं कापड आणलं. मग डोळे. शाई पातळ करून, एकाच केसाच्या ब्रशनं, खिडकीचे दोन्ही ठिपके मी बुजवले. गालांखाली जरा काळोख दिला. मागे सरकून पाहिलं तर माझ्या अंगावर काटा आला, इतकं ते जमलं होतं. ज्या माणसाला मी "अरे, हस की, फाशी नाही देत तुला" म्हणून हसवलं होतं, तो तिथं नव्हता. मी फोटो दोरीवर वाळत टाकला आणि कुलूप लावून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीवाल्याची बायको मुलीच्या शाळेच्या फोटोसाठी आली. ती मूळची मन्सुऱ्याची, वस्तीत नवी, जाबरला तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. दोरीकडे बघून ती म्हणाली, "हा कुणाची हाक ऐकतोय?"

मी म्हटलं, बायकोला कापलंय, म्हणून झुकलेला दिसतोय. हे मी अगदी सहज म्हटलं, कारण ते खरंच होतं. ज्याला टेकून माणूस उभा असतो ते काढून घेतलं की उरलेल्या अंगाचा अर्थ बदलतो. मग ती गेल्यावर मी जवळ जाऊन पाहिलं.

डोळ्यांत ठिपके होते.

शाई उतरली असणार. दमट हवेत असं होतं, कागद शाई पितो आणि खालचा पांढरा वर येतो. मी पुन्हा बुजवले, या वेळी दाट शाईनं, आणि पंख्याखाली वाळवले. संध्याकाळी ते पुन्हा होते. तेव्हा मी भिंग घेतलं, आणि मला पहिल्यांदा अस्वस्थ वाटलं. शाई जिथं लावली होती तिथं जशीच्या तशी होती, डाव्या बाजूला, सुकून घट्ट. हे ठिपके दुसरीकडे होते. बुबुळाच्या पार वरच्या कडेला, मधोमध. आणि ते चौकोनी नव्हते.

मी निगेटिव्ह उजेडावर धरली. तिच्यात खिडकी होती तिथंच होती, गजासकट.

माझा स्वभाव असा आहे की एखादी गोष्ट पटली नाही की मी ती पुन्हा करून बघते. तो फोटो उलटा करून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, गिऱ्हाइकं नसताना, मी डार्करूममध्ये नवा कागद घेतला. लाल दिवा लावला. निगेटिव्ह पुसली, फुंकली, पुन्हा पुसली. उजेड दिला आणि कागद औषधाच्या ट्रेमध्ये सोडला.

हे काम मी हजारो वेळा केलंय आणि त्यात कधी काही मनात आलं नाही. त्या दिवशी मात्र ट्रे हलवता हलवता मला जाणवलं की सगळेच फोटो पाण्याखाली येतात. आधी केस येतात, मग भुवया, मग डोळे. माणूस तळाशी उताणा पडलेला असतो आणि औषधाच्या थराखालून वर, माझ्याकडे बघत असतो. मी लाटा करते, आणि त्याचा चेहरा हलतो.

जाबरचे केस आले. भुवया आल्या. डोळे आले. मी अजून ब्रशसुद्धा लावला नव्हता, आणि त्या डोळ्यांत खिडकी नव्हती. वरच्या कडेला दोन गोल उजेड होते, कडा विरलेले.

ट्रे हलवायचं थांबवून मी भिंतीला टेकून उभी राहिले. औषध शांत झालं तरी ते गोल उजेड थोडा वेळ थरथरत राहिले. लाल दिव्यात असं भासतं, मी स्वतःला सांगितलं. मग कागद धुऊन बाहेर आणला आणि टेबलावर काचेवर ओला पसरला.

नेमकं तेव्हाच दार वाजलं. वदीदाखालाला मी गुरुवारी बोलावलं होतं; ती दोन दिवस आधीच आली होती. तिला कुठं धीर! मागे खोळींचं गाठोडं घेतलेली बुसैना होती. मला फोटोवर काहीतरी टाकायचं सुचेपर्यंत म्हातारी टेबलापाशी पोचली होती.

ती वाकली. बराच वेळ वाकून राहिली. बुसैना दारातच थांबली, आणि तिच्या चेहऱ्यावर मला ती आशा दिसली जी मी स्वतःच तिला दिली होती.

"बघ," वदीदाखाला म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "बघ, बुसैना. डोळ्यांत जीव आहे त्याच्या. मी म्हणत नव्हते?"

बुसैना पुढे आली, तिनं पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. ती नुसती पायरीवर जाऊन बसली, गाठोड्यावर हात ठेवून, बस चुकलेल्या माणसासारखी.

म्हातारी रडत होती आणि हसत होती. आता कुणी विषय काढायचा नाही, ती म्हणत होती, पोरगा येईल, आणि आला की मी रावयाला सगळ्या घराचा फोटो काढायला बोलावीन. मी गप्प बसले असते तर गोष्ट तिथंच संपली असती. तिला जे वाचायचं होतं ते तिनं वाचलं होतं. पण मी त्या डोळ्यांकडे बघत होते आणि मला त्यात जे दिसत होतं ते तिला दिसत नव्हतं. जन्मभर मी लोकांच्या डोळ्यांतला उजेड बघत आलेय. तो कुठून येतो हे मला विचारावं लागत नाही.

"खाला, बस," मी म्हटलं. "एक सांगायचंय."

मी लग्नाचा मूळ फोटो आणून ओल्या फोटोशेजारी ठेवला. भिंग तिच्या हातात दिलं. डोळ्यांतला ठिपका म्हणजे जीव नव्हे, मी सांगितलं. माणसासमोर जो उजेड असतो त्याची ती छबी असते. इथं माझी खिडकी आहे, डावीकडे, चौकोनी. गज दिसतो का? तिनं मान हलवली. मग मी म्हटलं, आता या दुसऱ्या फोटोत बघ. यातला उजेड मी केलेला नाही. याला मी हात लावलेला नाही, अल्लाची शपथ. उजेड कुठं आहे तो तूच सांग.

ती भिंग धरून वाकली.

खमासीन खिडकीवर रेती मारत होता. बुसैना पायरीवरून उठून उभी राहिली होती.

"वर आहे," वदीदाखाला म्हणाली.

"हो."

"डोक्यावर. लांब."

"हो, खाला."

"गोल आहे."

ती भिंगातून डोळा न काढता बोलत राहिली, हळूहळू, जणू दुसऱ्याच कुणाला सांगतेय.

"लहानपणी बाप मला होडीवरून पाण्यात टाकायचा. पोहायला शिकवायला. मी डोळे उघडे ठेवायची. खालून वर पाहिलं की असंच दिसतं. चहूकडे काळं, आणि डोक्यावर एक गोल उजेड. त्यात बापाचं तोंड दिसायचं. मला वाटायचं, आता हात घालेल, आता घालेल."

तिनं भिंग खाली ठेवलं.

"तो वर बघतोय," ती म्हणाली.

मग तिनं झग्याच्या गळ्यात हात घातला आणि एक घडी बाहेर काढली. काळी साटीनची फीत होती. घड्या पडून पडून तिच्या रेघा पांढुरक्या झाल्या होत्या. चार वर्षं ती फीत तिच्या छातीशी होती आणि घरात राहणाऱ्या बुसैनालाही ते ठाऊक नव्हतं. बुसैनानं ती पाहिली मात्र, आणि तिचा बांध फुटला. या वेळी म्हातारीनं तिच्या तोंडावर हात ठेवला नाही. तिला जवळ ओढून घेतलं आणि दोघी माझ्या स्टुडिओत, फोटोमागे लावायच्या रंगवलेल्या कारंज्याच्या पडद्यापुढे, बराच वेळ रडल्या. मीही रडले. मला रडू आवरत नाही, आणि आवरावं असं काही तिथं नव्हतं.

दोन दिवसांनी तो दुसरा फोटो, बाहीवरची बोटं तेवढी झाकून, चौकटीत बसून आला. मी तो घेऊन त्यांच्या घरी गेले. खिळ्यावरचं कॅलेंडर वदीदाखालानं स्वतः उतरवलं. फोटो लावला. मग स्टुलावर चढून, बुसैनानं कमरेला धरलेलं असताना, तिनं काचेवरून फीत तिरकी घेतली आणि मागे गाठ मारली.

बायका दुपारपासून यायला लागल्या. बिनसाखरेची कॉफी फिरली. दारातून आत येणारी प्रत्येक बाई फीत बघून आवाज खाली करत होती, भिंतीपुढे क्षणभर थांबत होती, आणि मग बुसैनाला मिठी मारत होती. तिला काय म्हणून हाक मारायची ते त्यांना पुन्हा आठवलं होतं. असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या बांगेनंतर हिल्मीची आई आली. ती दाराशी घुटमळली तशी वदीदाखाला उठली, तिला हाताला धरून आत आणलं, आपल्याशेजारी बसवलं आणि कॉफी देणाऱ्या बुसैनाच्या हातातलं तबक काढून घेतलं.

"तू बस," ती म्हणाली. मग हिल्मीच्या आईकडे वळली. "इद्दतीचे, दुखवट्याचे महिने संपले की मागणी घालायला इथंच यायचं. तिच्या माहेरी नाही, माझ्याकडे. मी सून देत नाहीये. पोटची पोर देतेय."

हिल्मीच्या आईनं तिचे हात धरले. बुसैना ओढणीत तोंड लपवून बसली. खोलीत सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या, रडणं आणि हायसं वाटणं एकत्र झालं की बोलतात तशा. मला वाटलं, चला, काम पार पडलं.

थोड्या वेळानं वदीदाखाला माझ्याशेजारी येऊन टेकली. दमली होती. भिंतीकडे बघत म्हणाली, "आम्ही सगळे त्यानं सांगायची वाट बघत बसलो, रावया. पण तो गेलाय हे त्याला कुणी सांगितलं होतं का?"

तिला कुणीतरी हाक मारली आणि ती उठून गेली.

मी फोटोपाशी गेले. फीत जरा सरकली होती, ती नीट करावी असं मी स्वतःशी म्हटलं. भिंग झग्याच्या खिशात होतंच. ते मी कुठेही बरोबर नेते, सवय आहे. बायका आपापल्या बोलण्यात होत्या. मी वाकले.

डोळ्यांतले गोल उजेड तसेच होते. वर, लांब, कडा विरलेले.

पण आता त्यांच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावरून एक बारीक काळी रेघ तिरकी गेली होती. दोन्ही डोळ्यांत.

काचेवरची सावली असेल. फितीचीच असेल. मी फितीची कड दोन बोटांत धरली आणि जराशी खाली ओढली.

डोळ्यांतली रेघही खाली आली. लगेच नाही. जराशानं.